हिमातली शिदोरी

प्रवासाला निघायचे म्हणजे शिदोरी बांधायची, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. दशम्या, लोणचे, शेंगदाण्याची चटणी आणि तांब्याभर पाणी एवढ्या बळावर आमच्या आजीच्या आधीच्या पिढीने काशीयात्रा केल्या. परंतु ती शिदोरी पोचेपर्यंतची असते. न पोचलो तर काय, या प्रश्नाची शिदोरी निराळी. आणि ती बांधण्याचे काम आम्हां दोघी बहिणींकडे २०२३ च्या जानेवारीत आले. तेव्हा आमच्यातली एक आठवीत होती व दुसरी सहावीत. आता दोघी दोन दोन यत्ता पुढे सरकलो आहोत आणि हा लेख दोघींनी मिळून लिहिला आहे, म्हणजे एकीने लिहावे व दुसरीने खोडावे अशा रीतीने.

ग्वाल्हेरच्या माणसास हिवाळा ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. पौषात आमच्या लष्करच्या गल्ल्यांतून सकाळी नऊपर्यंत समोरचे घर दिसत नाही, आणि शाळेत फळ्यावर लिहिताना गुरुजींच्या तोंडातून वाफ निघते. पण हिम आम्ही केवळ भूगोलाच्या पुस्तकात पाहिले होते. आमचे काका मात्र हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात रस्त्यांच्या कामावर आहेत. दोन वर्षे त्यांना हिवाळ्यात रजा मिळाली नव्हती. आजीने शहात्तराव्या वर्षी जाहीर केले की यंदाचा तिळगूळ धाकट्याच्या हातावर ती स्वतः ठेवणार. तो येत नसेल तर आपण जाऊ. बाबांनी पुष्कळ समजावले. शेवटी त्यांनी गाडीचे तेल बदलून आणले, तेव्हा वाद कोणी जिंकला ते घरात सर्वांस कळले.

काकांशी दूरध्वनीवर बोलणे झाले, पण तिकडचा आवाज मधेच तुटे. म्हणून त्यांनी चार पानी पत्रच पाठविले. त्याच्या आरंभी क्षेमकुशल नव्हते. रोहतांगची खिंड ३९७८ मीटर उंच आहे, ती बर्फाने मिटली की लाहौलचे खोरे पूर्वी वर्षातले जवळजवळ सहा महिने जगापासून तुटत असे, आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून लोकांची अशी समजूत झाली आहे की आता हिवाळाच संपला, असे त्यांनी लिहिले होते. बोगद्याच्या आत बर्फ पडत नाही हे खरे. पण बोगद्याच्या तोंडापर्यंत जाणारा रस्ता उघड्या आभाळाखालीच आहे. माणसे अडकतात ती तिथे. त्या वाक्याखाली काकांनी दोन रेघा ओढल्या होत्या. पुढे २०२४ च्या डिसेंबरात त्याच सोलंग ते बोगदा पट्ट्यात सुमारे एक हजार वाहने अडकल्याचे आम्ही वाचले, तेव्हा त्या दोन रेघा आम्हांला पुन्हा दिसल्या.

पत्राची उरलेली तीन पाने म्हणजे एक यादी होती. बाबांनी ती आमच्या स्वाधीन केली, आणि माळ्यावरची पत्र्याची जुनी ट्रंक खाली काढून दिली.

पहिली अडचण घोंगडीची आली. काकांनी लिहिले होते, माणशी एक लोकरीची घोंगडी. गोधडी आणू नये. कारण लोकर ओली झाली तरी काही ऊब धरून ठेवते, सुती कापड भिजले की उलट अंगातली ऊब ओढून घेते. आमच्या आजीजवळ आजोबांच्या धोतरांची व तिच्या स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आहे, आणि तिच्यावाचून तिला झोप येत नाही. तिच्यापुढे लोकरीचे शास्त्र मांडण्याचे धाडस आम्ही केले. आजी म्हणाली, “तुझा काका या गोधडीतच वाढला, तेव्हा नाही भिजली ती?” गोधडी यादीत नव्हती, म्हणून ट्रंकेत गेली नाही, आजीच्या मांडीखाली मात्र गेली. यापुढे तिचा उल्लेख आला तर वाचकांनी आश्चर्य मानू नये.

दुसरी वस्तू वाळू. घसरणाऱ्या चाकाखाली वाळू टाकली की चाकाला धरायला काही मिळते. ग्वाल्हेरच्या इतक्या जवळ चंबळ असताना वाळूची काय वाण, असे कोणासही वाटेल. परंतु चंबळचे पात्र घडियाल मगरींचे अभयारण्य आहे व तिथली वाळू उपसण्यास बंदी आहे. (बंदी असून ती उपसली जाते ही गोष्ट वेगळी, व तिच्यासाठी वेगळा लेख लागेल.) आम्ही शेजारच्या बांधकामावरून मागून आणली आणि उन्हात वाळवली, कारण ओली वाळू थंडीत दगडासारखी गोठते. लोहिया बाजारातून फावडे, दोरखंड, एका गाडीच्या बॅटरीने दुसरी चालू करायच्या जाड तारा, शिट्टी आणि लाल कापड आणले. थंडीने बॅटरीची ताकद उतरते व त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झाल्याने तिच्यावरचे ओझे वाढते, म्हणून आदल्या दिवशी ठणठणीत असलेली गाडी सकाळी हूं का चूं करीत नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात न गोठणारे द्रव्य घालून घ्यावे असेही पत्रात होते. ते बाबांनी कारागिराकडून करून घेतले.

चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या मात्र आमच्या गावात कोण विकणार? त्या काकांनी चंदीगडहून धाडल्या. हिमात बोटे बधिर झाल्यावर त्या बांधायला शिकता येत नाही, म्हणून घरीच सराव करा, अशी आज्ञा होती. तेव्हा ग्वाल्हेरच्या कोवळ्या उन्हात, तुळशीवृंदावनाजवळ, आम्ही दोघींनी बाबांबरोबर गाडीच्या पुढच्या चाकांवर तीनदा साखळ्या चढवल्या व उतरवल्या. पुढच्याच का, तर आमच्या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते. मागची नुसती मागोमाग येतात. शेजारच्या काकू गच्चीवरून विचारीत्या झाल्या की गाडी चोरीला जाईल म्हणून बांधून ठेवता की काय.

खाण्याच्या पदार्थांत आजीचा शब्द प्रमाण मानला गेला, आणि इथे शास्त्र व आजी यांचे प्रथमच एकमत झाले. मोरेन्याची गजक, तिळाच्या वड्या, शेंगदाणे, खजूर. हे पदार्थ शिजवावे लागत नाहीत, गोठून दगड होत नाहीत, आणि थोड्यात पुष्कळ उष्णता देतात. तिळगुळाच्या शंभर ग्रॅमांत साडेचारशे ते पाचशे किलोकॅलरी असतात. संक्रांतीला आपण तीळ व गूळ का वाटतो याचे उत्तर आम्ही आजवर गोड बोलण्यात शोधत होतो. ते काही अंशी थंडीतही असावे असे वाटते.

पाण्याबद्दल यादीत एक कोडे होते. आजूबाजूला सगळे बर्फच असेल, तरी पाणी घरून आणावे, आणि बर्फ खाऊ नये. का? आम्ही शाळेतले गणित मांडले. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यास ८० कॅलरी लागतात; ते पाणी शरीराइतके, म्हणजे ३७ अंशांपर्यंत तापवण्यास आणखी ३७. तेव्हा किलोभर बर्फ पोटात गेला तर शरीराची ११७ किलोकॅलरी ऊब खर्ची पडते, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम गजक केवळ त्या बर्फाला पाणी करण्यात संपते. वर्गात हा सुप्त उष्णतेचा धडा आम्हांला फारच कंटाळवाणा वाटला होता. पाण्याच्या बाटल्या काठोकाठ भरू नयेत हेही त्याच प्रकरणातले. पाणी गोठताना आकाराने सुमारे एक अकरांश वाढते व बाटली फुटते.

मग औषधे. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस अधिक. विजेरी, आणि तिचे जादा सेल खिशात, अंगाच्या उबेत ठेवायचे. भ्रमणध्वनी भरून घ्यायची पॉवर बँक. कागदाचा नकाशा. जुनी वर्तमानपत्रे, कारण स्वेटराच्या आत कागदाची घडी घातली की वारा अडतो. जाड मेणबत्त्या, आगपेट्या आणि एक रिकामा पत्र्याचा डबा. झाकणाची एक बादली व जुनी चादर, जिचा उपयोग काकांनी लिहिला नव्हता; आईने यादी वाचून मान हलवली आणि आम्हांला समजले. घरातले वडीलधारे माणूस बरोबर असेल तर बादली ही या सर्व यादीतली सर्वांत सौजन्याची वस्तू आहे, हे आम्ही संकोच सोडून लिहितो.

ट्रंक मागच्या सामानाच्या कप्प्यात ठेवायची नव्हती. बर्फाने मागचे दार गोठले तर आतली शिदोरी आतच राहील. फावडे तर चालकाच्या पायाशी. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही.

पत्राच्या शेवटच्या पानावर एकच गोष्ट होती, आणि ती वस्तू नव्हती. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात शेकडो गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे आपापल्या गाडीत बसल्या जागी मरण पावली. त्यांतली कित्येक थंडीने मेली नाहीत, धुराने मेली. गाडी हिमात रुतते, धूर बाहेर टाकणारी नळी मागच्या बाजूला बर्फाने बुजते, ऊब हवी म्हणून काचा लावून इंजिन चालू ठेवतात, आणि कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. माणसाला डोके जड वाटते, मळमळते, मग झोप येते. काकांनी लिहिले होते: तासातून दहाच मिनिटे इंजिन लावा, त्याआधी दर वेळी खाली उतरून नळी मोकळी करा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि एकाने जागे राहा. हे पान आम्ही दोघींनी वहीत उतरवून घेतले.

अकरा तारखेच्या पहाटे निघालो. मुरैना, धौलपूर, आग्रा हा रस्ता धुक्यात चाचपडत काढला. अशा धुक्यात गाडीचे दिवे खाली वळवावे लागतात, वर केले की पांढरी भिंतच समोर उभी राहते. दिल्ली ओलांडून दुपारनंतर पानिपत आले. बाबांनी गाडी थोडा वेळ बाजूला घेतली. त्या मैदानात १७६० च्या नोव्हेंबरापासून मराठ्यांची छावणी अडकून पडली होती. रसद तुटली, पुरेसे गरम कपडे नाहीत, जनावरांना चारा नाही, आणि १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीच्या सुमारास, ते उपाशी सैन्य लढायला बाहेर पडले. त्या लढाईत पायाला कायमची जखम घेऊन वाचलेले महादजी शिंदे यांचेच घराणे आमच्या गावाचे धनी झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून काढले असे सांगतात. इतिहासाच्या तासाला आम्ही सेनापतींच्या चुका मोजत असतो. ट्रंकेला पाय टेकून बसलेल्या आम्हांला त्या दिवशी घोंगड्याच आठवत होत्या. दक्षिणेतून आलेल्या त्या लाखभर माणसांत घोंगड्या किती जणांजवळ असतील? आजीने खिडकीतून हात जोडले आणि गाडी पुढे निघाली.

मनाली बारा तारखेच्या रात्री गाठली. दुसरे दिवशी आभाळ भरून आले होते, पण रस्ता चालू होता. सोलंगला पोलिसांनी साखळ्या पाहिल्या व सोडले. चारच्या सुमारास हिम सुरू झाले. ते इतके नि:शब्द पडते की त्याची भीती वाटत नाही. पाऊस निदान गडगडून सांगतो तरी. पुढे कोठेतरी एक गाडी आडवी झाली, वरून येणाऱ्यांना मागे वळता येईना, आणि रांग थांबली ती थांबलीच. सहा वाजता अंधार. भ्रमणध्वनीवर एकही रेघ नाही.

ट्रंक उघडली तेव्हा यादीतल्या वस्तूंना निराळाच अर्थ आला. बाबांनी गाडीच्या आरशाला लाल कापड बांधले. आम्ही वर्तमानपत्रे स्वेटरांत खुपसली. त्यांतल्या एका पानावर ग्वाल्हेरच्या नळांना पाणी न आल्याची बातमी होती. पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावली व काच बोटभर खाली केली. एका मेणबत्तीपासून साधारण ८० वॅट उष्णता मिळते, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १००. म्हणजे आम्ही पाच जणच अर्ध्या किलोवॅटची शेगडी होतो. ही शेगडी झाकून ठेवणे एवढेच घोंगडीचे काम. तिच्यात स्वतःची ऊब नसते.

दर तासाला बाबा आणि आमच्यातली एकजण खाली उतरत असू. विजेरीच्या उजेडात मागची नळी मोकळी करायची, मग दहा मिनिटे इंजिन. पहिल्या तासाला बर्फ घोट्यापर्यंत होते. तिसऱ्या खेपेस ते पोटरीपर्यंत आले होते, आणि त्या वेळी आमच्या मागच्या गाडीकडे लक्ष गेले. तिचे इंजिन थांबल्याचे आम्ही संध्याकाळपासून ऐकले नव्हते. काचा घट्ट बंद, आतून वाफ धरलेली, आणि नळीची जागा कोठे असावी हे कळू नये इतके बर्फ मागे साचलेले.

बाबांनी काच ठोठावली. बऱ्याच वेळाने दार किलकिले झाले. आत एक जोडपे होते व मागे दोन लहान मुले. बाई हिंदीत हळूच म्हणाली, मुले रडून रडून आत्ताच झोपली आहेत, कृपा करून उठवू नका. तिच्या यजमानांनी कपाळ धरले होते. आम्ही वहीतले पान आठवले आणि दोघींच्याही तोंडून एकदमच निघाले, “बाबा, इंजिन!”

बाबांनी ते बंद करायला लावले आणि चारही दारे उघडली. थोरल्या मुलाला बाहेर काढले तेव्हा तो मान टाकीत होता. गार हवेत पाचेक मिनिटांनी त्याला उलटी झाली आणि तो रडू लागला. आपल्या आजीने मुलाच्या रडण्यावर एवढा आनंद मानलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. धाकटी आईच्या खांद्यावर हळूहळू डोळे उघडू लागली. दोन्ही मुले व त्यांची आई आमच्या गाडीत आली. आठ माणसे, शेगडी आता आणखी मोठी. मुलांना घोंगडीत गुंडाळले, जरा वेळाने पाणी पाजले आणि गजकेचे बारीक तुकडे दिले. ते गृहस्थ आपली गाडी सोडावयास तयार होईनात. काचा थोड्या उघड्या ठेवून, इंजिन बंद करून तिथेच बसतो म्हणाले. त्यांच्या अंगावर एक पातळ कोट होता, आणि आमच्या घोंगड्या सगळ्या वाटून झाल्या होत्या.

आजी जरा उठली, आपल्या खालची गोधडी तिने ओढून काढली, आणि बाबांच्या हाती दिली.

रात्री तीनच्या पुढे खालच्या बाजूने बर्फ हटविणारे यंत्र आले. रांगेतल्या गाड्या एकेक करून मागे वळविण्यात आल्या. आमच्या साखळ्या बसल्या होत्या, वाळूची पिशवी फोडावी लागली नाही; ती आम्ही मागच्या गाडीच्या चाकांखाली टाकली. उजाडता मनालीत पोचलो. मुलांना डॉक्टरांना दाखविले. दोघांनाही दिवसभर ठेवून घेऊन सोडले.

रस्ता चौदा तारखेस दुपारनंतर मोकळा झाला आणि काकाच खाली आले. त्यांनी प्रथम आजीच्या पायांवर डोके ठेवले, आणि नंतर, त्यांचा स्वभावच तसा, ट्रंक उघडून पत्रातली यादी मोजावयास बसले. मेणबत्त्या चार उरल्या होत्या. आगपेटी एक. गजकेचा चुरा. वाळू नाही. आजीने तेवढ्यात त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. संक्रांत दुसऱ्या दिवशी होती, पण ते कोणी बोलले नाही. गोधडी दिसत नाही, असे बाबांच्या लक्षात आले. ती मागच्या गाडीबरोबर गेली होती, आणि आजीने परत मागितली नव्हती.

“यादीत नव्हतीच ना ती,” आजी म्हणाली.

परतीच्या वाटेसाठी आम्ही मनालीच्या बाजारातून मेणबत्त्या व दोन आगपेट्या घेतल्या. काकांनी वाळूची पिशवी पुन्हा भरून दिली.